सुईवरचा अंगठा

सरांचे केस तेलाने कायम चिप्प असत. बोलता बोलता ते कपाळावरची बट बोटांनी मागे सारत आणि मग तीच बोटं कानात फिरवत. ती हे लहानपणापासून बघत आली होती, कारण सर म्हणजे तिचे सख्खे काका. प्रयोगशाळेत 'सर', घरी 'काका'. किळस दोन्हीकडे सारखीच.

प्रयोग साधा होता. पाइनची निम्मी रोपं अतिनील दिव्यांखाली, निम्मी साध्या उजेडात. पाइनच्या सुईसारख्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. तो त्यांना सुकू देत नाही. सुया क्लोरोफॉर्ममध्ये दहा सेकंद बुडवायच्या, क्लोरोफॉर्म उडून गेला की वाटीत उरलेलं मेण तोलायचं. दिव्यांखालच्या सुयांवर मेण चांगलंच जास्त भरलं होतं. शोधनिबंध उद्या छापायला जायचा होता, आणि तिची कायमची नोकरी त्याच्यावरच टांगलेली होती.

सकाळी फोटोसाठी तिने दिव्याखालची एक सुई सूक्ष्मदर्शकात पाहिली. मेणाच्या पांढऱ्या रांगा दिसायला हव्या होत्या. दिसला तो अंगठ्याचा ठसा. मेण फिसकटलेलं आणि वर पिवळसर, चिकट तवंग. त्यात कोंड्याचा एक पापुद्रा. तिने सुई नाकाशी नेली. वास ओळखीचा होता.

ती रोपं सांभाळणाऱ्या माळीबुवांकडे गेली. "दिव्याखालच्या सुया कोण तोडतं हो?"

"सर स्वतः. महत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोडायचं नाही म्हणतात. साध्या उजेडातल्या मी तोडतो, तुम्ही दिलेल्या चिमट्यानं." ते हसले. "बोटं लावायचा मान आम्हाला कुठला, ताई."

तिने दोन्हीकडच्या सुया चिमट्याने तोडून आणल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळी वजनं पुन्हा केली. फरक उरला नव्हता.

सरांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं. भिंगावर त्यांच्या पापणीचा ओशट डाग राहिला.

"अगं, तेल काय नि मेण काय, वजन ते वजनच."

"काका, आपण तुमच्या डोक्याचं तेल छापतोय."

"इथे सर म्हण. आणि नोकरी तुझी अडलीये, माझी नाही. कर सही."

त्यांनी बट मागे सारली आणि निबंधाचा कागद पुढे केला. त्यांनी धरला होता तिथे तो तेल पिऊन आरपार दिसायला लागला होता, बरोबर तिच्या नावावर.

तिने चिमटा उचलला, त्याने कागद कोपऱ्याला धरला आणि तसाच त्यांच्यापुढे ठेवला. सहीची जागा कोरी होती.

"सोमवारी सगळ्या सुया नव्याने तोडते," ती भिंग स्पिरिटने पुसत म्हणाली. "मला इथे ठेवलंत तर."