साळुबाईच्या नावावरचे ठोके

मी एक पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, आणि कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नव्हे, जरी साळुबाईने पहिल्या दिवशी मला बघून तेच विचारलं होतं. मी मनगटावर बांधायचा पट्टा आहे. माझ्या पोटाशी एक हिरवा दिवा आहे. तो कातडीला टेकला की आत रक्त कसं धावतंय ते मला कळतं. ठोके मोजायचे आणि पुढे कळवायचे, एवढंच माझं काम.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीपासूनचं. इथे मोबाईलला रेंज नाही. टेकडीवरच्या देवळापाशी गेलं तर एखादी कांडी येते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. म्हणून देवळामागच्या पाण्याच्या टाकीवर आमचं बोलणं ऐकायला एक पेटी बसवली आहे. गाणी आणि सिनेमे ओढून आणणं आम्हाला जमत नाही. मी पट्ट्याचा क्रमांक सांगतो, ठोके सांगतो आणि गप्प बसतो. पण हे थोडकं बोलणं चिमूटभर विजेत डोंगर ओलांडून पेटीपर्यंत पोचतं आणि पेटी ते दवाखान्याला कळवते.

नाव सांगायची सोय मात्र माझ्यात नाही. कुठला क्रमांक कुणाचा, हे तिकडे दवाखान्याच्या ऑफिसात लिहिलेलं असतं. माझ्या क्रमांकापुढे साळुबाईचं नाव होतं.

साळुबाईचं काळीज थकलं होतं. तिचा मुलगा गोरख आळेफाट्याला गॅरेजात काम करतो, सुट्टीला घरी येतो. त्यानेच मागे लागून पट्ट्यासाठी तिचं नाव दिलं. मला बांधलं आशाताई वृषालीने.

"आजी, ह्यो काढायचा न्हाई बरं का. अंघोळीला बी न्हाई."

"बांगड्यांत अडकतंय गं मेलं," साळुबाई म्हणाली. ते खरं होतं. ती भाकरी थापायला लागली की हिरव्या बांगड्या माझ्यावर आपटायच्या. सवतीसारख्या वागायच्या त्या माझ्याशी.

एका सकाळी तिचे ठोके सैरभैर झाले. मी कळवलं, गाडी आली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि ती जगून परत आली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. साळुबाईने केलं नाही. तिथे अनोळखी माणसांत, नळ्या टोचून घेत पडून राहावं लागलं, याचा तिने धसकाच घेतला होता. त्याआधी शेजारची कुशाबाई अशीच गाडीतून गेली होती आणि पांढऱ्या कापडात परत आली होती.

"गाडीत घातलं की मानूस आपलं ऱ्हात न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "मला मराण आलं तर हितं येऊंद्या, ह्या उंबऱ्याच्या आत. ह्यो पट्टा तुमी बांधा. माझी आन हाय तुमास्नी."

हौशीराम दांडगा म्हातारा. आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नव्हती, आणि ते तो चारचौघांत मिरवायचा. त्याने आधी नाही म्हटलं. मग बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला. "बांध बाई. मला काय धाड भरलीया? माझं ठोकं बघून डाक्टर बी गार पडंल."

असं मी मनगट बदललं. मला ते तत्क्षणी कळलं. कातडी निबर, ठोका दणदणीत. पण ओरडून सांगायला तोंड कुठे होतं? मी क्रमांक सांगितला, ठोके सांगितले. तिकडे सगळे खूश. साळुबाईला गोळी लागू पडली म्हणे!

वृषाली दर मंगळवारी यायची. तेवढ्यापुरता मी साळुबाईच्या हातावर असायचो. तेव्हा मी तिचे खरे, अडखळते ठोके कळवायचो. ऑफिसातल्यांना वाटायचं, आजी नुकतीच चढ चढून आली असेल. माणसांना सोयीचं कारण सापडलं की ती पुढचं विचारत नाहीत, हे मी तिथेच शिकलो. वृषालीची पाठ वळली की माझी पुन्हा बदली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली सरकतं. मग काठावरची मोटर त्याच्या मागे मागे खाली ओढत न्यावी लागते. त्या दुपारी हौशीराम एकटाच गेला. "गोरख ईस्तोवर थांबा की," साळुबाई म्हणाली होती. "तंवर मिरची जळंल," म्हणून तो निघाला.

भेगाळलेल्या गाळात त्याने पाइप खांद्यावर घेतला. ठोके वाढले, ओझ्याने वाढतात तसेच. मग ते एकदम विस्कटले. तो खाली बसला, मग आडवा झाला. ठोका मंद होत चालला होता. मी पेटीला हाका घालत सुटलो. क्रमांक माझा, ठोके हौशीरामचे, नाव साळुबाईचं.

हाक पोचली, हे मी छातीठोकपणे सांगतो. पुढचं मला साळुबाईकडून कळलं. अजूनही येईल त्याला ती ते सांगत असते.

ती उंबऱ्यात हुलगे पाखडत होती. टेकडीवर देवळापाशी ऑफिसचा फोन आला, तशी वृषाली धापा टाकत आली. "आजी, पट्ट्यानं खतरा दाखवलाय! ठोका लई मंद आलाय. गाडी निघालीया!"

गाडीचं नाव ऐकताच साळुबाईने सूप खाली ठेवलं. तिने मोकळा हात पदराखाली घेतला. "म्या बरी हाय की. पट्टा अंघोळीला काढून ठिवलाय, त्येनं तसं आलं आसंल."

वृषालीने दुसऱ्या हाताची नाडी बघितली. नाडी रोजच्यासारखीच होती. पोरीचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाई. गाडी माघारी फिरवते." ती फोन लावायला टेकडीकडे गेली.

सूप पुन्हा हलायला लागलं आणि मध्येच थांबलं. मंद आलेला ठोका कुणाचा, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

ती तशीच अनवाणी धावली. सुजलेल्या पायांनी, ढेकळांतून, थेट पाण्यापर्यंत. धावताना वृषालीला हाका मारत होती, पण वृषाली वर पोचली होती आणि फोन लागला होता. गाडी घाटातून परत फिरली.

"अवं, उठा की! अवं, म्या खोटं बोलले!" तिने त्याचा हात छातीशी धरला. त्याच्या मनगटावर तेव्हा मला काहीच लागत नव्हतं. तिची बोटं माझ्याखाली गेली आणि मी एक ठोका टिपला. क्षणभर फसलो. तो तिचा होता.

तिने मला त्याच्या हातातून काढून पुन्हा स्वतःच्या मनगटावर बांधलं. दहाव्याला बायकांनी तिच्या बांगड्या उतरवल्या. त्या सवती गेल्या आणि मला एकट्याला ते मनगट फार मोकळं वाटलं. गोरख म्हणाला, "आई, पट्टा परत द्यावा लागंल." ती म्हणाली, "हातात आता येवढंच हाय."

वृषालीने ऑफिसात कुणाला खरं सांगितलं नाही. म्हातारीला बोल लागू नये म्हणून तिने वर कळवलं की पट्टा बिघडला होता. बिघडला म्हणे! आयुष्यात एकदाही चुकीचा ठोका सांगितला नाही, आणि माझ्या कपाळी हे आलं. पण मी तिच्यावर रागावलो नाही. येत्या मंगळवारी मला परत पाठवणार आहेत. त्या दुपारचे आकडे चुकीचे ठरवून तिकडून पुसून टाकणार आहेत.

साळुबाई आता माझ्यावर अंगठा ठेवून उंबऱ्यात बसते. "त्येंचा ठोका हाय का रं आजून तुझ्यात?" असं रोज विचारते.

माझ्यात नाही गं बाई. मी ठोका ठेवून घेत नाही, पुढे धाडतो. तो तिकडे आहे. घर, जमीन, मोटर सगळं हौशीरामच्या नावावर होतं; त्याचे शेवटचे ठोके तेवढे तुझ्या नावावर आहेत.

ऑफिसातल्या साहेबांनो, तुम्ही मला मोडीत काढा, माझी तक्रार नाही. पण ते पुसू नका.