गोणपाटाचा बैल

“अगं, आधी पुढचा उठेल, मग मागचा! किती वेळा सांगू?” गुरुजींनी टेबलावर छडी आपटली.

गोणपाटाच्या आतून गुराख्याच्या पोरीचा आवाज आला, “पण गुरुजी, बैल तसा उठत नाही. तो आधी मागचं अंग उचलतो, मग पुढचे गुडघे.”

“मग बैलाकडंच जा की शिकायला! शाळेत कशाला येतेस?”

पोरं खिदळली. नाटकाची गोष्ट एवढीशीच. नांगराचा बैल दमून पडतो आणि धन्याच्या गाण्यानं उठून उभा राहतो. बैलाचं पुठ्ठ्याचं मुंडकं नि पुढचे पाय दुकानदाराच्या लेकाकडं, मागचे पाय हिच्याकडं. पंधरा दिवस ती त्याची कंबर धरून, ओणवी होऊन, भुसकटाच्या वासात घुसमटत होती. तोंडी एक शब्द नाही. तरी ती नेटानं करत होती, कारण गुरुजींनी कबूल केलं होतं, शेवटी गोणपाट काढायचं, ओळीत उभं राहायचं आणि मी एकेकाचं नाव पुकारणार. तिचं नाव हजेरीपलीकडं कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. घरी ‘ए पोरी’, रानात बापाची शीळ.

नाटकाच्या दिवशी आई गुरं लवकर बांधून आली आणि पार मागं, भिंतीला टेकून उभी राहिली. पटांगण गच्च भरलेलं. बैल पडला. धनी झालेल्या पोरानं गळा मोकळा सोडला,

“ऊठ रे लेकरा, रान झालं ओलं,
तुझ्याविना मातीशी कोण बोलं?”

आत अंधारात पोरीच्या अंगावर काटा आला. मागल्या साली गोठ्यात पडलेला म्हातारा बैल तिला दिसला. बाप त्याच्या पाठीवर हात फिरवून अशीच विनवणी करत होता. गुरुजी, छडी, सगळं विसरून तिची कंबर आपसूक वर गेली, आधी मागचं अंग. दुकानदाराचा लेक तोंडावर आपटला. एक शिंग मोडलं. पटांगणात हशा फुटला.

त्या गदारोळात एक म्हातारा गुराखी ओरडला, “हसता काय लेको? बैल असाच उठतो! शाबास गं मागच्या पायांनो!”

पण तोवर गुरुजींनी पडदा ओढला होता. गोणपाट काढलं ते पडद्यामागं. नाव कुणाचंच पुकारलं नाही. “सोन्यासारख्या नाटकाची माती केलीस,” एवढं मात्र गुरुजी सगळ्यांदेखत बोलले. दुकानदाराच्या लेकाच्या गुडघ्याला कुणीतरी हळद लावत होतं.

घरी जाताना आईनं तिच्या केसांतलं भुसकट झटकलं. मग म्हणाली, “खरं केलंस तू.”

“मग गुरुजी का रागावले?”

“खऱ्याला पोटाला कोण घालतं, बाई? बैलांत बैलासारखं उठावं. माणसांत राहायचं तर ती सांगतील तसं उठावं.”

महिनाभरानं शाळांच्या स्पर्धेत तेच नाटक शहरातल्या मोठ्या सभागृहात झालं, मागचे पाय हिच्याकडंच. खुर्च्यांना गाद्या, माणसांच्या कपड्यांना घड्या. आई आली नव्हती, गाडीभाडं कुठलं? गाणं तेच, गळा तोच. पोरीनं दात आवळले, कंबर दाबून धरली. आधी पुढचे पाय उठले, मग मागचे. बैल कसा, घोड्यासारखा ऐटीत उभा राहिला. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पहिल्या रांगेतले पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, “वा! अगदी खराखुरा बैल!”

गोणपाट निघालं. दिव्यांनी डोळे दिपले. ओळ उभी राहिली आणि गुरुजींनी कौतुकानं तिचं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत.

कोण पुढं येतंय, म्हणून ती ओळीकडं बघत राहिली.