झाकणावरची लाल फुली

सावळीराम गायखे तीस वर्षं अंबडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात माल तपासत होते, आणि तीस वर्षांत त्यांनी कुणाचीही भीडभाड ठेवली नव्हती. खुद्द मालकाच्या मेव्हण्याने बनवलेल्या पेटीवर त्यांनी लाल खडूने फुली मारली होती. मेव्हणा अजून बोलत नव्हता, आणि मामांना, म्हणजे सगळा कारखाना ज्यांना मामा म्हणायचा त्या सावळीरामांना, त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

आज मात्र नोकरीचा शेवटचा दिवस होता. चार वाजता निरोपाचा कार्यक्रम. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शुभांगीने त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं ते तिचं पहिलंवहिलं डिझाईन, कॉम्प्युटरचं कॅबिनेट. मामांनी हिरवी खूण केली की नमुना संध्याकाळच्या टेम्पोने पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जाणार होता.

देवळ्याहून आलेली ही पोर चार वर्षांपूर्वी पत्रा उलटा धरायची. मामांनीच तिला हाताला धरून शिकवलं. पोटच्या पोरीइतका जीव होता तिच्यावर. म्हणूनच आज त्यांनी हिरवा खडू आधीच वरच्या खिशात घालून ठेवला होता.

कॅबिनेट होतंही देखणं. बाजूला काच, आत सगळं ऐसपैस, वायरी एका आडभिंतीमागून अशा नेलेल्या की एकही नजरेला पडू नये. मामांनी सवयीने सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला. कुठेच बोचलं नाही. प्रत्येक स्क्रूपर्यंत पेचकस आरामात पोचत होता. शुभांगी शेजारी श्वास रोखून उभी होती.

मग त्यांनी आतला कॉम्प्युटर सुरू करून अर्धा तास चांगला कामाला जुंपला, आणि देवाच्या फोटोपुढची उदबत्ती आणून पुढच्या पंख्यांसमोर धरली. धूर आत ओढला गेला, वर चढला आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन तिथेच घुटमळत राहिला. मागच्या एकट्या पंख्याला तो काही बाहेर काढता येईना. मामांनी झाकणावर तळहात ठेवला, तर चटका बसला.

"वर भोकं नाय ठेवली?"

"वाईट दिसत होती, मामा."

मामा खिशातला हिरवा खडू चाचपत राहिले. डोळेझाक केली तर पोर हसतमुखाने त्यांच्या हातचा पेढा खाईल. पण येत्या उन्हाळ्यात कुणाचा तरी कॉम्प्युटर तापून बंद पडेल, आणि नाव शुभांगीचं खराब होईल. त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी टेबलावरचा लाल खडू उचलला आणि त्या गुळगुळीत झाकणावर फुली मारली. शुभांगी झाकण काढून घेऊन गेली.

कार्यक्रमात शाल मिळाली, नारळ मिळाला. मालक संतोषशेठ मामांच्या करड्या नजरेबद्दल भरभरून बोलले. ती नजर मात्र सारखी दाराकडे लागली होती. शुभांगी आलीच नाही. हातातला पेढा त्यांनी बशीत परत ठेवला. एवढी एक फुली मारली नसती तर काय बिघडलं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

शाल खांद्यावर तशीच ठेवून ते कार्यक्रमातून बाहेर पडले, तर कारखान्यातून ड्रिलचा आवाज येत होता, म्हणून ते आत गेले. शुभांगी झाकणाला भोकांची शेवटची रांग पाडत होती. त्यांच्याकडे न बघताच तिने झाकण बसवलं, कॉम्प्युटर सुरू करून तापू दिला आणि उदबत्ती धरली. धूर आत गेला आणि भोकांतून सरळ वर निघून गेला. मग तिने मामांपुढे हिरवा खडू धरला.

मामांना भरून आलं. पण हाडात मुरलेली सवय जाते कुठे? भोकांवरून अंगठा फिरवताना ते तिसऱ्या रांगेत थांबले. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. त्यांनी लाल खडू घेतला आणि त्या भोकाभोवती गोल काढला.

शुभांगी आधी हसली, मग तिचे डोळे वाहायला लागले.

"उद्यापासून माझ्या चुका कोण काढणार, मामा?"

"उद्याचं उद्या बघू. आज कानस आण."

त्यांनी शाल उतरवून टेबलावर ठेवली, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना दोघं भोकांच्या कडा घासत बसली.