शिवणीतली माया

सगळी गल्ली तिला कात्रीबाई म्हणायची. निम्मं कारण शिलाईचं दुकान, निम्मं तिची जीभ.

नवऱ्याच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला तेव्हा सर्जन म्हणाला, "रोबोटने काढू, आजी. पण बारा वर्षांपूर्वी तिथेच यांच्या गुदाशयाचं ऑपरेशन झालंय. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. सोडवताना आतडं फाटलं, तर जिवावर बेतेल."

"म्हणजे जुनी शिवण उसवायची. यंत्राला जमतं ते? आमच्या सुनेला अजून जमत नाही."

सुनेने छताकडे पाहिलं.

नवऱ्याला आत नेलं आणि तिला तो पहिला, डावखुरा डॉक्टर आठवला. त्या वेळी नवऱ्याला गुंगी दिल्यावर तिने त्याला दाराशी एकट्याला गाठलं होतं. "डॉक्टर, शिवणीत बोटभर माया सोडा हो. पुढे उसवायची वेळ आली, तर तेवढंच कापड हाताशी असतं." तो हसून आत गेला. पुढच्याच वर्षी वारला. आपला हा अडाणीपणा तिने कुणाच्या कानावर घातला नव्हता. नवऱ्याच्या तर नाहीच.

पाच तासांनी सर्जन बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"निघालं. आतडं शाबूत आहे." मग आवाज उतरला. "सगळं डिंकासारखं चिकटलं होतं. फक्त कापायचं तिथे बोटभर पट्टी मोकळी, खडूने आखल्यासारखी. आणि यंत्राचा डावा हात... मी हलवायच्या आधीच तिकडे वळत होता. थकलो असेन मी."

कात्रीबाई आपल्या बोटाकडे बघत राहिली.

संध्याकाळी नवऱ्याने डोळे उघडले.

"अगं, तुला निरोप आहे."

"कुणाचा?"

"नाव नाही सांगितलं. डावखुरा होता. म्हणाला, बाईंना सांगा, सांगितली तेवढी माया सोडली होती. आज सगळी लागली. आता शिल्लक नाही." आणि तो पुन्हा झोपला.

तिने चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. मग पलंगाच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडे वळून, गिऱ्हाइकाला सुनावावं तशी म्हणाली, "शिवण झकास होती, डॉक्टर. पण या कपड्याला आता हात लावायचा नाही. निघा."

स्टूल फरशीवर करकरत वीतभर मागे सरकलं.

"आई," दारातून सून म्हणाली, "मी नाही हं हलवलं."