चाकं काढून पासिंग

पार्किंगमधली रिकामी जागा बघून उत्कर्षाच्या तोंडून जो शब्द निघाला, तो चारचौघांत लिहिण्यासारखा नाही. गाडी नव्हती. बाजूला दोन जादा चाकं लावलेली तिची स्कूटर, पंधरा वर्षं रोज बिबवेवाडीहून खडकीला जाऊन परत येणारी, सकाळी साडेनऊला जागेवरून गायब होती. चोरीला गेली असती तरी एवढा संताप आला नसता. चोर निदान परका असतो.

"दादा घेऊन गेलाय गं," वर गॅलरीतून तिच्या आईने, इंदुबाईंनी सांगितलं. "म्हणाला, तिला कशाला दगदग? रजा घेतलीय तर झोपू दे जरा."

झोपू दे म्हणे! रजा काय झोपायला घेतली होती? आज गाडीचं पासिंग होतं. पंधरा वर्षांची नोंदणी रविवारी संपत होती, आणि पुढची पाच वर्षं हवी असतील तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायला लागते. सोमवारी खडकीला, तिच्या कारखान्यात, गाडीचा गेटपासही नवा करायचा होता. चालू आरसीशिवाय गाडीला पास नाही, आणि गेटपासून उत्कर्षाचं टेबल दीड किलोमीटरवर. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. उत्कर्षाच्या उजव्या पायात लहानपणच्या पोलिओमुळे लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात कुबडी. दीड किलोमीटर म्हणजे तासभर, आणि मग दिवसभर खांदा वर उचलायची सोय नाही.

खरी भानगड वेगळीच होती. ही गाडी कागदावर साधी होती. जादा चाकांचा आरसीत उल्लेखच नव्हता. गाडी घेतली तेव्हा तिला सांगण्यात आलं, की अपंगांची गाडी म्हणून नोंद करायची तर सहा महिने खेटे घालावे लागतील; आत्ता साधी घ्या, चाकं गॅरेजमध्ये लावा, नोंद नंतर करू. ते 'नंतर' पंधरा वर्षांत उजाडलं नाही. लायसन्स मात्र तिचं रीतसर, दुसऱ्याच्या चाकंवाल्या गाडीवर परीक्षा देऊन काढलेलं. म्हणजे लायसन्स म्हणणार, बाई, चाकं लावलेलीच गाडी चालवा. आणि आरसी म्हणणार, कसली चाकं? गेल्या वर्षी स्वारगेटला एका टेम्पोने मागून ठोकलं, तेव्हा विमावाल्या माणसाने गाडीचा फोटो बघितला, आरसी बघितली आणि सरळ हात वर केले. त्या दिवशी उत्कर्षाने ठरवलं होतं, की आता चाकांची नोंद करायची म्हणजे करायचीच.

मागच्या आठवड्यात एजंट शंभू घरी आला. पंधरा वर्षांपूर्वी गाडीची कागदपत्रं यानेच केली होती. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, कशाला डोक्याला ताप? चार बोल्ट काढायचे, चाकं बाजूला. पाच मिनिटांत पासिंग. संध्याकाळी परत लावा. सगळे असंच करतात."

"वा! म्हणजे गाडी पास होणार," उत्कर्षा म्हणाली, "आणि ती चालवणार कोण? तुम्ही येताय का रोज सकाळी मला खडकीला सोडायला?"

शंभू हसला. शेजारी बसलेला तिचा थोरला भाऊ उत्तरेश्वर हसला नाही. कपातल्या चहाकडे बघत बसला. तेव्हाच कळायला हवं होतं.

तिने कागदांची फाइल काखेला मारली आणि रिक्षा थांबवली. वाटेत दादाला सहा वेळा फोन लावला. सहाही वेळा वाजून वाजून बंद. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि काही न बोलता गाणी बंद केली. शहाणा माणूस.

आरटीओच्या मैदानात दुचाक्यांची रांग लागली होती. तिसरी तिची. चाकं काढलेली, स्टँडवर तिरकी उभी. शेजारी दादा, इस्त्रीच्या शर्टात, आणि शंभू. ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चाकं कुठायत?"

"मार्केट यार्डात, गॅरेजवर," दादा हळूच म्हणाला. "ओरडू नकोस. दोन गाड्यांनंतर आपला नंबर. दुपारपर्यंत परत लावून देतो."

"कोणाला विचारून काढलीस? गाडी कोणाची आहे? हप्ते कोणी भरलेत?"

"उत्कर्षा, लोक बघतायत."

"बघू देत की! तिकीट थोडंच लावलंय?" मग ती शंभूकडे वळली. "आणि तुम्ही! स्वतःचा आळस झाकायला पंधरा वर्षांपूर्वी हाच उद्योग केलात. सहा महिने लागतील म्हणे! माझा विमा तुमच्यामुळे बुडाला. लाज नाही वाटत पुन्हा तेच करायला?"

शंभू आजवर बऱ्याच शिव्या खाऊन कोडगा झालेला माणूस. पण ही शिवी त्याला लागली.

"ओ ताई, ते माझ्या नावावर खपवू नका. तेव्हा तुमचा फॉर्म भरून तयार होता. दीड महिन्याचं काम होतं. यांनीच परत घेतला." त्याने बोटाने दादाला दाखवलं. "म्हणाले, पुस्तकावर अपंग असं लागायला नको. बहिणीला स्थळं येतायत, कोणाच्या नजरेला पडलं तर?"

दादाने शंभूकडे असं बघितलं, की जागा असती तर तिथेच त्याला पुरला असता. पण नाही म्हणाला नाही.

उत्कर्षाला आधी हसू आलं. स्थळं! मुलीला बघायला आलेली माणसं आधी गाडीचं आरसी बुक मागून घेतात काय? मुलगी समोरून कुबडी टेकत चहाचा ट्रे आणणार आणि यांना शोध कुठून लागणार, तर आरसीवरून! अरे, काय अक्कल! मग हसू कुठच्या कुठे गेलं. पंधरा वर्षं ती एजंटला शिव्या घालत होती, सरकारला घालत होती, आणि हा माणूस शेजारी बसून मान डोलवत होता.

"पुढची गाडी!"

तपासणीला बाई होत्या. चासी नंबर बघितला, दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवून बघितला. मग मागच्या चाकाशी वाकल्या. तिथे लोखंडावर बोल्टचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

"इथे काय होतं?"

"कॅरिअर होतं, मॅडम," दादा म्हणाला.

बाईंनी आधी कुबडीकडे आणि मग उत्कर्षाकडे बघितलं. "मालक तुम्ही ना? गाडी कोण चालवतं?"

"मी चालवतो," दादा घाईघाईने म्हणाला. "ती मागे बसते."

"मी त्यांना विचारतेय."

मान हलवली असती तर झालं होतं. पाच वर्षांची निश्चिंती, सोमवारी पास, गाडी थेट टेबलाजवळ. दादा डोळ्यांनी विनवत होता. उत्कर्षाला गेटपासूनचा तो सगळा रस्ता दिसला, मधला चढ दिसला, खांदा आत्ताच दुखायला लागला.

"मी चालवते," ती म्हणाली. "पंधरा वर्षं मीच चालवतेय. दोन बाजूंना चाकं असतात. ती यांनी आज सकाळी मला न विचारता काढलीत. मला ती नोंदवायचीत. हा अर्ज, हे प्रमाणपत्र, ही गॅरेजची पावती."

बाईंनी फाइल चाळली. "मग आज पास नाही करता येणार. चाकं लावून आणा, बदलाचा अर्ज आत खिडकीवर द्या. मी दोन्ही एकदम बघेन. महिना तरी जाईल. चालेल?"

"नाही चालणार. पण करा."

शंभू केव्हाच सटकला होता. खिडकीवर अर्ज देऊन उत्कर्षा बाहेर आली, तर दादा गाडीला टेकून उभा होता.

"महिनाभर काय करणारेस आता? एक शब्द गिळायचा होता फक्त," तो म्हणाला. "तुझ्या भल्यासाठीच केलं होतं मी. तेव्हा स्थळं येत होती गं."

"तेव्हा येत होती. आता एकेचाळीस वर्षांची आहे मी, दादा. आज कोण येणार होतं मला बघायला? आज कोणापासून लपवत होतास?"

तो रुमालाने मान पुसत राहिला.

"गाडी गॅरेजवर ने. मी रिक्षाने येते," ती म्हणाली. "चाकं लावून झाली की मी चालवते आणि तू मागे बस. घरापर्यंत."

दादाने रांगेकडे बघितलं. रांगेतली माणसं त्यांच्याचकडे बघत होती.

"चाकं लावून देतो," तो म्हणाला. "पण मग तू हो पुढे. मी बसने येईन."