डाग पडलेला पांढरा बँड

मी एक पांढरा बँड. लग्नात वाजतो तो नव्हे; वकिलांच्या गळ्याशी दोन पांढऱ्या शेपट्या लोंबतात ना, तो. न्यायाधीशांच्या गळ्यातही मीच असतो.

माझं कापड बुऱ्हाणपूरच्याच मागावर विणलेलं. तिथल्याच लालबाग भागातल्या शांताबाईंची मुलगी योगिता वकील झाली, तेव्हा त्यांनी मला घरच्या मशीनवर शिवलं. कागद कारखान्यातून निवृत्त झालेले नामदेवराव लेकीला म्हणाले, "मी जन्मभर कागद बनवला. आता तू वाच."

योगिताला जज्ज व्हायचं होतं. पण ती फार हळू बोलायची. मी तिच्या गळ्याशीच असायचो, म्हणून मला ठाऊक आहे. शब्द वरपर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे. जज्जपदाच्या एका मुलाखतीत ती त्यामुळेच मागे राहिली. कोर्टात चुडामण वकील म्हणायचे, "मॅडम, थोडा आवाज वाढवा. तुमच्यापेक्षा पंखा जास्त बोलतो."

एकदा फोपनार गावच्या मालूबाईंची बांधाची केस आली. त्या म्हणाल्या, "बाई, नकाशा काय पाहते? मला तर वाचताबी येत नाही. वावरात ये ना, डोळ्यानं पाह्य."

कोर्ट सुटल्यावर योगिता तशीच गेली. केळीच्या रांगांतून वाकून जाताना तुटलेल्या पानाचा चीक माझ्यावर ठिबकला. शांताबाईंनी लिंबू लावलं, सोडा लावला. पण केळीचा चीक तो! कापड फाटेल, डाग जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चुडामण वकील हसले, "काय मॅडम, केळ्याच्या मंडीतून डायरेक्ट?" सगळेच हसले. त्या दिवसापासून मी पेटीच्या तळाशी पडलो.

मग जबलपूरच्या हायकोर्टातून पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. कोट आहे तर बँड हवाच, असं समजून शांताबाईंनी घाईत मलाच बॅगेत ठेवलं. खरं तर तिथे माझी गरज नव्हती. पण आईने दिलेलं बाजूला ठेवायला योगिताचा हात धजेना. तिने डाग कोटाआड दडवला. ती खुर्चीवर बसली आणि तो बाहेर आला.

"ये दाग कैसा है?" समोर बसलेल्यांपैकी मधल्या साहेबांनी विचारलं.

तिने डाग पुन्हा दडवला नाही.

"केले का चीक है, सर. खेत देखने गई थी. नक्शे में उसकी हद सीधी थी, जमीन पर टेढ़ी."

"तो जज बनकर क्या देखोगी?"

"कागज तो पढ़ूँगी ही, सर. पर मालूबाई पढ़ नहीं सकतीं, इसलिए जमीन भी देखूँगी."

आवाज हळूच होता. पण त्या खोलीत तेव्हा दुसरा आवाजच नव्हता.

निवड यादीत योगिताचं नाव आलं! लालबागेत ढोल वाजले. चुडामण वकील केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आले. "जज्ज साहेब, मंडीतून डायरेक्ट!" म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.

आपल्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही, म्हणून आम्ही आता दूर आहोत. शांताबाईंनी पाच नवे बँड शिवून दिले. तरी पहिल्या दिवशी तिने मलाच बांधलं. ती आत आली तसं सगळं कोर्ट उभं राहिलं. ती हळूच बोलू लागली आणि शिपायाने, कुणी न सांगता, पंखा बंद केला.

आता मी विरत चाललोय. एवढंच मागतो, माझा डाग काढायला पुन्हा लिंबू आणू नका.