वास्तूला इंग्रजी कुठं येतंय

ऋतिकाला परदेशी जहाजावरच्या हॉटेलात नोकरी हवी होती. मुलाखतीत स्वभावाबद्दल चार वजनदार शब्द बोलता आले तर निम्मं काम फत्ते, असं क्लासच्या ज्ञानेश्वरी मॅडमनी सांगून ठेवलं होतं. शब्द डोक्यात राहावेत म्हणून त्यांची एक युक्तीही होती. प्रत्येक विशेषण ओळखीच्या माणसाला चिकटवायचं, आणि तेही ज्याला मुळीच शोभत नाही अशाला. मग हसू येतं आणि शब्द विसरत नाही. फक्त पूर्ण वाक्य करून मोठ्यानं म्हणायचं.

कमळाकाकी देवापुढे दिवा लावत होती तेव्हा ऋतिका पडवीत बसून हेच घोकत होती. समोरचा रिक्षावाला केरूदादा, ज्यानं उभ्या जन्मात कुत्र्यालाही हाड म्हटलं नाही, तो 'बेलिजरन्ट', म्हणजे भांडखोर. काकी, जिचं तोंड झोपेतसुद्धा चालू, ती 'टॅसिटर्न', म्हणजे अबोल. आणि पाल दिसली तरी घर डोक्यावर घेणारी ऋतिका स्वतः 'इम्पर्टर्बेबल', म्हणजे काही झालं तरी मन जागचं न हलणारी.

"तिन्हीसांजेला कोणाला काय बोलू नको गो बाय," काकी आतून म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणते."

"वास्तूला इंग्रजी कुठं येतंय, काकी?"

यावर काकीही हसली. आई गेल्यापासून तिनंच ऋतिकाला वाढवलं होतं, आणि पोरीच्या तोंडून इंग्रजी ऐकताना तिला कोण कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नंबर लावण्यावरून केरूदादानं एकाचे दात पाडले. वाडीत कुणाचा विश्वास बसेना. ऋतिकाला मात्र कालचं वाक्य आठवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. काकी बांगडे साफ करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि ती काहीच बोलली नाही.

आधी वाटलं, रुसली असेल. मग शेजारणींनी दृष्ट काढली, डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नव्हतं. काकीच्या बोलण्याखाली इतकी वर्षं दबलेले घराचे आवाज आता ऐकू येऊ लागले. दिवसभर वासे करकरायचे, कौलांवर काहीतरी सरपटायचं. दिवा लागला की मात्र सगळं एकदम थांबायचं, कुणी कान देऊन बसावं तसं.

उतारा ऋतिकाला ठाऊक होता. 'गॅर्युलस', म्हणजे बडबडी. दिवेलागणीला एक वाक्य म्हटलं की झालं. काकीलाही ते कळलं असावं. एका संध्याकाळी ती दिवा घेऊन ऋतिकासमोर आली, आढ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या ओठांकडे, आणि तिनं पोरीपुढे हात जोडले. ऋतिकाला वाटलं, घाई काय आहे. उद्या मुलाखत आहे, ती होऊ दे.

मुलाखत फार छान झाली. हात थरथरले नाहीत, घसा कोरडा पडला नाही. नोकरी मिळाली, आणि त्याचाही फारसा आनंद झाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती पडवीत बॅग भरत होती. काकीनं दिवा लावला. वासे गप्प झाले. काकी येऊन तिच्या पायाशी बसली, तिचा हात दोन्ही हातांत धरून रडू लागली, आवाज न करता. लहानपणी ताप आला की काकी असाच हात धरून रात्रभर गोष्टी सांगायची, हे ऋतिकाला आठवलं. पण नुसतं आठवलं, त्यानं आत काही हललं नाही. तो एक शब्द जिभेवर होता. तो म्हणावा असं तिला वाटेचना.

तिनं काकीचा चेहरा नीट पाहिला. याला नेमकं विशेषण कोणतं? साफ एकटा पडलेला, कुणीच न उरलेला. आठवलं. सवयीप्रमाणे तिनं पूर्ण वाक्य केलं, आणि स्वच्छ उच्चारात मोठ्यानं म्हटलं:

"माय आँटी इज फॉरलॉर्न."

आढ्यात एक वासा हलकेच करकरला.